पंप बहुधा निर्दोष असतो

होनिंग मशीन नीट चालेनासं झालं की शॉपमध्ये पहिला संशय पंपावर घेतला जातो. पंप आवाज करतो, तापतो, महाग असतो. तेवढ्यावर तो गुन्हेगार ठरतो. आखातात ही खोड जरा जास्तच. थांबलेल्या मशीनचा तास फिटरच्या दिवसापेक्षा महाग, डीलर फोनवर हजर, मग कोण शोधत बसतो? बदलून टाका. पंप बदलला जातो, सोबत तेल बदलतं, गाळणी साफ होते, मशीन चार दिवस छान चालतं आणि पुन्हा तीच रड सुरू. ते चार दिवस पंपाचे नव्हते, गाळणीचे होते.

*

समैस्मा हे दोह्याच्या उत्तरेला, लुसैल मागे टाकून अल खोरच्या वाटेवर लागणारं समुद्रकाठचं गाव. मोती काढणाऱ्यांची आणि मासेमारांची जुनी वस्ती. या आखातातले मोती एके काळी विक्रीला मुंबईला जायचे, आणि १९६६ पर्यंत कतारमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेचा गल्फ रुपया चालायचा. इथल्या म्हाताऱ्यांना ते आठवतं, आपल्याकडच्यांना सांगावं लागतं. आता त्याच किनाऱ्यावर २०२४ मध्ये जाहीर झालेला पर्यटनाचा मोठा प्रकल्प आहे, समुद्राच्या कडेने सात किलोमीटर लांबीचा. प्रकल्प आला म्हणजे एक्स्कॅव्हेटर, लोडर, टिपर आले, आणि ही सगळी धुडं शेवटी सिलिंडरच्या जिवावर हलतात. खारी हवा, शिंपल्यांची बारीक वाळू, उन्हाळ्यात ४५ अंश. दांड्यावरच्या क्रोमला खळी पडली की ती सील फाडते, सील फाटलं की वाळू आत जाते, वाळू आत गेली की सिलिंडरच्या नळ्याला चरे पडतात आणि नळा होनिंगसाठी आमच्या शॉपच्या दारात येतो.

*

नवख्या वाचकासाठी एवढंच: होनिंग म्हणजे नळ्याच्या आत फिरत फिरत पुढेमागे जाणाऱ्या दगडांनी आतली भिंत घासून गोल, सरळ आणि हवी तेवढी गुळगुळीत करणं. फिरणं एका मोटरचं, पुढेमागे जाणं बहुतेक मशीनवर हायड्रॉलिकचं, आणि दगड बाहेर दाबणं हे सुळक्यासारख्या कोनाच्या दांडीचं. तीन हालचाली, म्हणून बिघाडाची तीन घरं. आधी घर ओळखायचं, मग दार वाजवायचं.

*

नळा मशीनवरून उतरवण्याआधी बोअर डायल, म्हणजे आतला व्यास मोजणारं मापक, आत फिरवा. दोन्ही तोंडं, मधला भाग, शक्य तर अधलेमधले टप्पे, आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं. दहा मिनिटांचं काम. त्याने जे कळतं ते तासभर पंपाला कान लावून कळत नाही.

दोन्ही तोंडं फाकली असतील तर दगड बाहेर जास्त निघतोय. तोंडं अरुंद आणि मध्ये पोट सुटलं असेल तर पुरेसा निघत नाहीये. दगडाच्या लांबीचा तिसरा हिस्सा प्रत्येक टोकाला बाहेर यावा, असा जुना नियम आहे आणि सुरुवातीला तोच धरावा. एकच तोंड मोठं असेल तर अख्खा स्ट्रोक त्या बाजूला सरकलाय. इथे हायड्रॉलिकचा विचार सुरू होतो: स्ट्रोक उलटवणारा स्विच ढिला आहे, की स्विच वेळेवर बोलतोय पण व्हॉल्व्हचा स्पूल उशिरा सरकतोय? स्विच ढिला असेल तर चूक दिवसभर तेवढीच राहते. स्पूल चिकटत असेल तर चूक तेलाच्या तापमानाबरोबर बदलते. सकाळचा नळा आणि दुपारचा नळा शेजारी ठेवून मोजा, उत्तर मिळतं. स्पॅनरला हात लावावा लागत नाही.

*

बूड वेल्ड केलेला नळा असेल तर दगड त्या टोकाला बाहेर निघूच शकत नाही. तिथे बोअर अरुंद राहणार. हा मशीनचा दोष नव्हे. तळाशी छोटे स्ट्रोक देऊन थांबावं लागतं, किंवा आखूड दगड लावावे लागतात. तरीही दर वेळी कोणीतरी मशीनची लेव्हल तपासायला स्पिरिट लेव्हल घेऊन येतोच.

*

सांगलीकडचा एक आयटीआय झालेला मुलगा आहे आमच्याकडे. दुपारी तीनच्या सुमारास आला.

“काका, पंप गेलाय वाटतं.”

“कशावरून?”

“सकाळी स्ट्रोक झपाझप होत होता. आता रेंगाळतोय. आणि जाळी पण बदललीये.”

हे दुसरं वाक्य मला आवडलं. पोरगं जाळी बघतंय. होनिंगनंतर भिंतीवर तिरप्या रेघांची जी जाळी उमटते तिचा कोन दोन वेगांच्या प्रमाणावर ठरतो. १०० मिलीमीटरचा बोअर १९० फेऱ्यांनी फिरवला तर दगडाचा फिरण्याचा वेग मिनिटाला साधारण ६० मीटर. पुढेमागे जाण्याचा वेग १६ मीटर असेल तर रेघा एकमेकींना सुमारे ३० अंशांत छेदतात. तोच वेग १२ वर घसरला तर कोन २३ च्या आत येतो. म्हणजे स्टॉपवॉच नसलं तरी नळ्यात टॉर्च मारून स्ट्रोक मंदावलाय हे सांगता येतं.

मंदावला का? टाकीतल्या तेलाचं तापमान बघायला सांगितलं. ६० अंशांच्या वर. व्हीजी ४६ तेलाची दाटी ४० अंशांना ४६ सेंटीस्टोक असते, ६० ला ती विशीपर्यंत खाली येते. इतकं पातळ तेल पंपाच्या पात्यांच्या फटींतून, व्हॉल्व्हच्या स्पूलच्या कडेने, स्ट्रोक सिलिंडरच्या पिस्टनवरून गुपचूप मागे पळतं. पंप तेवढंच ढकलतोय, पण पोचतं कमी. आणि जे मागे पळतं ते तापूनच पळतं, म्हणून तापमान आणखी चढतं. दुष्टचक्र.

तरी अजून शोध संपत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह खाली सेट झालेला असला, तरी बरंच तेल त्यातून टाकीत सांडतं आणि तापतं. ओळखायची सोपी रीत: मशीन चालू असताना प्रत्येक व्हॉल्व्हच्या परतीच्या नळीवर थर्मामीटर धरा. जी नळी शेजारणींपेक्षा जास्त गरम, गळती तिथे. इन्फ्रारेड थर्मामीटर आता कुठेही मिळतो आणि नव्या पंपाच्या तुलनेत फुकटच म्हणायचा. फक्त चकचकीत धातूवर तो खोटं बोलतो. नळीवर काळी टेप चिकटवून त्या टेपवर धरावा.

त्या दिवशी कुठलीच नळी शेजारणींपेक्षा गरम नव्हती. दोष कूलरचा होता: त्यात तेल शिरतंय गरम आणि निघतंयही गरम. कूलरच्या पापुद्र्यांत होनिंग तेलाची वाफ आणि वाळू यांचा लेप बसला होता. हवा आत जायला जागाच नाही. धुतला. संध्याकाळी जाळी पुन्हा ३० वर.

पोरगं म्हणालं, “म्हणजे पंप बदलायचा नाही?”

*

उन्हाळ्यात इथे १ जून ते १५ सप्टेंबर उघड्यावरचं काम सकाळी १० ते दुपारी साडेतीन बंद ठेवावं लागतं. २०२१ च्या नियमाने तसं ठरलं आहे, आणि आर्द्रतेसह मोजलेला उष्णतेचा निर्देशांक ३२.१ च्या वर गेला तर कुठल्याही वेळी. नियम चांगला आहे, उशिरा आला. पूर्वी बंदीचे तास कमी होते आणि ती ३१ ऑगस्टला संपायची. माणसांसाठी असा आकडा ठरवायला इतकी वर्षं लागली. मशीनच्या तेलासाठी ६० चा आकडा मात्र टाकीवरच्या पट्टीवर पहिल्या दिवसापासून छापलेला असतो.

*

मग जास्त दाट व्हीजी ६८ तेल भरावं का? भरावं, पण जानेवारीत पहाटे पंप चालू करताना पंधरा मिनिटं भार न देता फिरू द्यावा. कतारमध्येही थंडी असते हे नागपूरकराला सांगायची गरज नाही, पण मुंबईकराला सांगावं लागतं.

*

पंपाचा आवाज. दोन आवाज वेगळे करायला शिकलं की निम्मी दुरुस्ती झाली.

एकसुरी, चढी कुंई म्हणजे पंपाला तेल ओढताना त्रास होतोय: शोषण बाजूची गाळणी बुजली, नळी आतून सोलली, किंवा थंड तेल फार दाट आहे. खडे भरल्यासारखा खडखडाट आणि टाकीत फेस म्हणजे हवा शिरतेय. हवा कुठून शिरते ते शोधायला शोषण नळीच्या प्रत्येक जोडावर ओंजळभर तेल ओता. ज्या जोडावर ओतताच आवाज बदलला, तो चोर. जोड सगळे शहाणे निघाले तर परतीची नळी बघा. तिचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर असेल तर ती धबधब्यासारखी पडून फेस करते. मग स्ट्रोक उलटताना धक्का बसतो, कारण हवा दबते आणि उसळते, तेल तसं करत नाही. धक्क्याची खूण नळ्यावर दिसते: दोन्ही टोकांशी जाळी गढूळ, मधे स्वच्छ.

या दोन्ही आवाजांवर पंप बदलला तर नवा पंपही तसाच ओरडेल. फरक एवढाच की तो वॉरंटीत ओरडेल.

*

सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांसाठी एक टीप, कारण आखातात हा धंदा मोठा आहे. सौदीत वीज ६० हर्ट्झ. कतार, अमिराती, बहरीन, ओमान, कुवेत सगळीकडे ५०, आपल्यासारखीच. सीमेपलीकडून स्वस्तात आलेलं मशीन इथे जोडलं की मोटर एक षष्ठांशाने हळू फिरते. पंपही तेवढा हळू, म्हणून स्ट्रोक हळू. स्पिंडलही तेवढंच हळू. गंमत अशी की दोन्ही वेग एकाच प्रमाणात घसरल्याने जाळीचा कोन बरोबर येतो, माल मात्र धिम्या गतीने निघतो. लोक दगडाचा ग्रेड बदलत बसतात.

खरा धोका वेगळा आहे. मोटर ३८० व्होल्ट ६० हर्ट्झची असेल आणि इथल्या ४१५ व्होल्ट ५० हर्ट्झवर लावली, तर व्होल्ट भागिले हर्ट्झ हा आकडा ६.३ वरून ८.३ वर जातो. लोखंडातलं चुंबकत्व जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त. मोटर रिकामी फिरतानाही जास्त करंट ओढते, तापते, आणि एक दिवस वाइंडिंगचा वास येतो. व्हीएफडी, म्हणजे हर्ट्झ बदलणारा ड्राइव्ह, लावून तिला ६० हर्ट्झला ३८० द्या, मशीन माणसात येतं. नाही तर खरेदीच्या आधी मोटरची पाटी वाचा. पाटीवरचा रंग खरवडून वाचायला लागला तरी वाचा.

*

२०१७ च्या जूनमध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. सौदी सीमेवरच्या सलवाच्या रस्त्याने येणारा माल थांबला, दुबईच्या जेबेल अली बंदराचा मार्ग बंद झाला, कतारच्या हमद बंदराला ओमानच्या सोहार आणि सलालाहून जहाजं येऊ लागली. जानेवारी २०२१ मध्ये सीमा उघडली. ‘बदलून टाका’वाल्यांना या काळात दुरुस्तीवाल्यांची आठवण झाली असेल, असं समजायला हरकत नाही.

*

दगड ‘मेला’ म्हणजे दोन वेगवेगळे मृत्यू असतात आणि त्यांचे उपाय उलट आहेत.

एक, दगडाचं तोंड काचेसारखं चमकतं. कण बोथट झाले पण गळून पडले नाहीत. दगड कामापेक्षा कडक आहे, किंवा दाब कमी आहे. मऊ दगड घ्या किंवा दाब वाढवा. दोन, दगडाच्या छिद्रांत लोखंडाचा चुरा ठासून बसला आहे. तेल कमी पडतंय, घाण आहे, किंवा नुसतंच रॉकेल वापरलंय. इथे दाब वाढवला तर चुरा आणखी ठासेल आणि भिंतीवर ओरखडे येतील.

आणि दगड भराभर झिजत असेल तर लगेच ‘डुप्लिकेट माल’ म्हणू नये. नळा आधीच लंबगोल, गंजून खवल्याखवल्यांचा असेल तर उंचवटे दगड खातातच. सुरुवातीला कडक दगड आणि हलका दाब, गोलाई आली की नेहमीचा.

दाबाचा काटा २० बार दाखवतोय आणि दगड कापत नाही, अशी तक्रार आली तर काट्यावर विश्वास ठेवू नका. काटा तेलाचा दाब सांगतो, दगडाचा नाही. मध्ये कोनाची दांडी आहे आणि तिच्यावर तेलात भिजलेल्या चुऱ्याची वडी झालेली असते. टूल सोडवून साफ करा, कोन जिथे झिजून पायरी पडली तिथे बोट फिरवून बघा.

*

नळ्याच्या लांबीला समांतर एकच सरळ ओरखडा. जाळीला छेदून गेलेला, तोंडापर्यंत आलेला. याचा चालत्या मशीनशी संबंध नाही. काम संपल्यावर दगड आत मिटले नाहीत आणि टूल तसंच ओढून बाहेर काढलं. परतीची स्प्रिंग थकली आहे. स्प्रिंग चिल्लर पैशांची, नळा हजारो रियालचा.

*

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनच्या बोअरिंग-होनिंगवर हात बसलेले कारागीर आखातात आले की पहिले काही महिने नळे खरखरीत सोडतात. त्यांचा दोष नाही. इंजिनच्या लायनरमध्ये लोखंडी रिंग चालते, तिला मुरायला आणि तेल धरायला खोल जाळी लागते. हायड्रॉलिकच्या नळ्यात रबर किंवा पॉलियुरेथेन चालतं. त्याला तीच जाळी म्हणजे कानस. खरखरीतपणाचं माप, म्हणजे आरए, ०.४ मायक्रॉनच्या वर गेलं की सील झिजायला लागतं.

पण मग आरशासारखं करायचं का? नाही. फार गुळगुळीत भिंतीवर तेलाचा पापुद्रा टिकत नाही, सील कोरडं घासतं, सिलिंडर किंचाळतो, हळू चालवला तर थरथरत चालतो. ०.१ ते ०.४ च्या मध्ये राहावं. कारखान्यातून येणारे बरेच नवे नळे होन केलेले नसतातच. पात्याने सोलून आणि रोलरने दाबून त्यांची भिंत चमकवलेली असते. गिऱ्हाईक तो नवा नळा आणि आमचा होन केलेला नळा शेजारी धरून म्हणतं, तुमचा मळकट दिसतोय. दिसू दे.

*

तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ नळा आवळून धरला, होन केला, डायल फिरवला: सगळीकडे एकच माप. चक सोडला, सील बसवलं, तीन ठिकाणी गळतंय. आवळल्यामुळे नळा तीन ठिकाणी आत दबला होता, तिथे दगडाने जास्त कापलं, सोडल्यावर तो उसळून तीन पाकळ्यांचा झाला. दोन टोकांचा बोअर डायल हे पाहू शकत नाही, कारण एका पाकळीसमोर नेहमी एक खळगा येतो आणि बेरीज तीच राहते. तीन टोकांचं मापक लागतं. ते नसेल तर चक टाळा. व्ही-ब्लॉकवर ठेवून पट्ट्याने किंवा साखळीने हलकं धरा.

आडव्या मशीनवर दुसरी भानगड: टूलचं वजन खालच्या बाजूला बसतं आणि लांब नळा खालून जास्त खाल्ला जातो. काम चालू असताना नळा अधूनमधून पाव फेरा फिरवून ठेवावा. यासाठी कुठलाही सुटा भाग मागवावा लागत नाही, म्हणूनच बहुधा कोणाला सुचत नाही.

*

मापाचा गोंधळ. १०० मिलीमीटरच्या बोअरला एच ८ मध्ये शून्य ते ५४ मायक्रॉन एवढी सूट. पोलाद दर अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. म्हणजे नळा मापकापेक्षा २० अंशांनी गरम असेल तर १०० मिलीमीटरला २३ मायक्रॉनचा फरक. जवळजवळ निम्मी सूट नुसत्या उष्णतेत गेली. एसीच्या खोलीत रिंगवर डायल शून्य करायचा आणि बाहेर होनिंगने तापलेल्या नळ्यात घालायचा, हे इथे सर्रास चालतं. नळा थंड झाल्यावर बारीक भरतो आणि दोष मशीनच्या ‘स्प्रिंग बॅक’ला जातो. रिंग, डायल आणि नळा एकाच जागी, एकाच सावलीत रात्रभर ठेवा, सकाळी मापा. शॉपचं तापमान २० अंश नसलं तरी चालेल, तिघांचं सारखं असलं म्हणजे झालं.

पण ऑगस्टमध्ये उलटा त्रास. समुद्रकाठी रात्रीची दमट हवा अशी असते की एसीतून बाहेर काढलेल्या कुठल्याही लोखंडावर मिनिटात दव धरतं. ताज्या होन केलेल्या नळ्यावर असं दव बसलं तर सकाळी तांबूस. तेलाचा हात फिरवल्याशिवाय नळा शेडमध्ये सोडू नये, आणि एसीच्या खोलीत तर मुळीच ठेवू नये.

*

तेलाचे पिंप उघड्यावर उभे ठेवलेले दिसले की मी वाकडं तोंड करतो. दिवसा पिंप तापतं, हवा बाहेर पडते. रात्री निवतं आणि वर झाकणावर साचलेलं दव बुचाच्या आट्यांतून आत ओढून घेतं. पिंप आडवं ठेवावं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, तेलात बुडलेली. टाकीतलं तेल दुधाळ दिसलं तर मशीनमध्ये शोध घेण्याआधी पिंपाची रांग बघून या.

*

चुंबकाचा गैरसमज. होनिंग तेलाच्या टाकीत चुंबक लावला की तेल साफ, असं मानलं जातं. चुंबक पोलादाचा चुरा धरतो. दगडाचे तुटलेले कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. त्यांना चुंबकाचं काही देणंघेणं नाही. ते तेलाबरोबर फिरत राहतात, स्ट्रोक सिलिंडरच्या दांड्यावर बसतात आणि वायपर सैल असेल तर मशीनच्या स्वतःच्या हायड्रॉलिकमध्ये शिरतात. नळे घासणारं मशीन मग स्वतःचाच नळा घासायला लागतं. कागदी गाळणी लागते, आणि वायपर वेळेवर बदलावा लागतो. इथे शमालचा वारा सुटला की शेडमध्येही वाळू येते. टाकीच्या ब्रीदरवर चांगली गाळणी नसेल तर वाळूला आमंत्रणच.

हे कण तयार नळ्यातही राहतात. रॉकेलने पुसून ते निघत नाहीत, पसरतात. गरम पाणी, साबण, ब्रश. मग सुकवून तेल. मग पांढरं फडकं आत फिरवायचं. फडकं करडं झालं तर पुन्हा धुवायचा. या एका कामात आळस केला तर नवं सील महिनाभरात जुन्यासारखं.

*

गिऱ्हाईकाचा नेहमीचा प्रश्न: “अजून अर्धा मिलीमीटर घासून चरा काढून टाका ना.” भिंतीची जाडी कमी होईल म्हणून आम्ही नाही म्हणतो, असं त्याला वाटतं. जाडीचं फारसं बिघडत नाही. १०० बोअर आणि १० मिलीमीटर भिंतीच्या नळ्यात २५० बारला साधारण १२५ मेगापास्कल ताण येतो. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलीमीटर काढला तर १३३. पोलादाला ते जड नाही. बिघडतं ते पिस्टन आणि नळा यांच्यातल्या फटीत: फट वाढली की दाबाखाली सील तिच्यात घुसतं आणि कडा कुरतडल्यासारख्या तुटतात. तेव्हा एक तर मोठा पिस्टन आणि मोठं सील, नाही तर नवा नळा. मधला मार्ग विचारू नये.

*

आणि म्हणूनच सीलबद्दल. सिलिंडर उघडल्यावर लोक पहिलं काम करतात ते जुनं सील कापून फेकून देण्याचं. तेवढाच पुरावा असतो. कडा कुरतडलेल्या: फट मोठी किंवा दाब जास्त. एका बाजूने झिजलेलं: दांडा वाकडा किंवा गाइड रिंग संपलेली. कडक, तडकलेलं: तेल तापलं होतं. चिकट होऊन बोटाने तुकडे पडणारं पॉलियुरेथेन: गरम तेलात पाणी होतं. लांबीच्या दिशेने चिरा: नळ्यात किंवा दांड्यावर ओरखडा आहे, आणि तो आधी काढला नाही तर पुढचं सीलही तिथेच चिरणार.

हे समैस्माला खरं आहे तसंच साखर कारखान्याच्या मिलला, ट्रॉलीच्या टिपिंग जॅकला आणि गावातल्या जेसीबीला खरं आहे. तेव्हा सिलिंडर दुरुस्तीला पाठवाल तेव्हा जुनं सील पुसू नका, धुऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिस्टनकडची बाजू कुठली ते मार्करने लिहा आणि सिलिंडरसोबत बांधून पाठवा.